ॲव्हरेज किती काढता?

मालवाहतुकीच्या धंद्यातल्या बड्या मंडळींना सध्या एकच दुःख आहे : ड्रायव्हर मिळत नाहीत. हे दुःख पुण्याच्या एखाद्या तारांकित हॉटेलात परिसंवाद भरवून व्यक्त केलं जातं. तिथपर्यंत पोचायला साहेबांना ड्रायव्हर मात्र मिळालेला असतो.

मावळात हे दुःख जास्तच जाणवतं. चाकण-तळेगावचा माल घाट उतरून न्हावाशेव्याला जायचा, तर स्टिअरिंगवर कुणीतरी बसायला हवं. आमच्या भागातून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ड्रायव्हर लागतोच असं नाही म्हणा. तळेगावात येणार येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प २०२२ साली गुजरातला गेला, तेव्हा एकही ट्रक लागला नाही. पण बाकीचा माल अजून रस्त्यानंच जातो. म्हणून एका मोठ्या वाहतूक कंपनीनं भरती काढली आणि कामशेतचा एक गडी मुलाखतीला गेला. घाटात हयात घालवलेला माणूस. रात्री कुठल्या वळणावर धुकं उतरतं आणि पावसात कुठं दगड येतो, ते त्याला तोंडपाठ.

कायदा याबाबतीत सोपा आहे. वयाची वीस वर्षं पूर्ण हवीत, हलक्या गाडीचं लायसन्स किमान वर्षभर जुनं हवं, मग पुढचं शिकाऊ लायसन्स. आठवी पासची अट होती, ती सरकारनं २०१९ साली काढून टाकली. कंपनीनं मात्र दहावीचं सर्टिफिकेट मागितलं, पोलीस पडताळणीचा दाखला मागितला आणि ई-मेलचा पत्ता मागितला. गड्यानं पुतण्याचा दिला.

मग मुलाखत. साहेबांनी विचारलं, "पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठं पाहता?"

"अमृतांजनला, साहेब. जाममध्ये."

साहेबांनी लिहून घेतलं. घाटातला अमृतांजन पूल २०२० सालीच पाडला, लॉकडाउनमध्ये रस्ता मोकळा सापडला म्हणून. नाव राहिलं आणि गर्दीही राहिली.

गाडी चालवून दाखवायची परीक्षा कंपनीच्या आवारात झाली. सपाट सिमेंट, प्लॅस्टिकचे शंकू, त्यांच्यामधून रिव्हर्स. "घाटात नेऊन बघत नाही का?" असं त्यानं विचारलं, तर म्हणाले, "घाटात रिस्क असते."

घाट ज्याला कळतो त्याची कदर करायची या डोंगराची रीत जुनीच आहे. बोरघाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा धनगरानं दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा सांगतात. जुन्या हायवेवर त्याचं देऊळ आहे. ड्रायव्हर तिथं हात जोडतात, जाता जाता नाणं टाकतात. विम्याच्या हप्त्यापेक्षा हे स्वस्त, आणि क्लेम नाकारल्याची तक्रारही नाही.

मग आला खरा प्रश्न : "ॲव्हरेज किती काढता?"

इथं जरा थांबायला हवं, कारण सगळी भरती या एका प्रश्नावर चालते. ट्रिपमागे डिझेल ठरलेलं. वाचवलंत तर बक्षीस, जास्त जळलं तर पगारातून कापणार. आता खंडाळ्याहून खोपोलीकडं उतरताना डिझेल वाचवायचा सगळ्यात सोपा मार्ग ड्रायव्हरांना कुठला वाटतो? गाडी न्यूट्रल करायची. उतार आहे, गाडी आपसूक पळते, काटा हलत नाही. मात्र इंजिनाची पकड सुटते आणि सगळं वजन ब्रेकवर येतं. दोन-चार वळणं गेली की ड्रम तापतात, लायनरचा जळका वास केबिनमध्ये शिरतो, आणि पुढच्या वळणाला पाय दाबला तरी ब्रेक धरत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. म्हणजे तोच गिअर, तेच गुरगुरणारं इंजिन आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न.

कंपनीच्या भिंतीवर 'न्यूट्रलमध्ये गाडी उतरवू नका' असं पोस्टर आहे. त्याच्याच शेजारी सर्वाधिक डिझेल वाचवणाऱ्या ड्रायव्हरचा फोटो हार घालून लावलाय. वाचवलेलं डिझेल कुठल्या उतारावरचं, हे तिथं लिहिलेलं नाही.

२०२५ पासून नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चांगलंच झालं. एसी चालू केला की ॲव्हरेज पडतं, त्यामुळं तो कुणी चालू करत नाही, एवढीच काय ती अडचण. तसं तर कामाच्या तासांचा कायदाही आहे. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. शनिवारी पर्यटकांचा लोंढा आला की अवजड गाड्या कडेला थांबवतात, म्हणजे भुशी डॅमला भिजायला निघालेल्यांचा खोळंबा होऊ नये. निर्यातीचा कंटेनर उभा राहतो आणि मक्याच्या कणसाकडं निघालेली मोटार पुढं जाते. त्या उभं राहण्याचे तास आठात धरायचे की विश्रांतीत, हे कायद्याला विचारावं लागेल. कंपनीच्या हिशेबात तो ड्रायव्हरनं केलेला उशीर असतो.

पगाराचं विचारल्यावर उलगडा झाला, की कंपनी मोठी असली तरी नोकरी तिची नाही. माल कंपनीचा, ठेका ठेकेदाराचा, गाडी तिसऱ्याच कुणाची, तीही कर्जावर. देशातल्या बहुतेक ट्रकमालकांकडं पाचापेक्षा कमी गाड्या असतात. बड्या कंपनीचा बोर्ड लावून फिरणारा ट्रक बऱ्याचदा अशाच एखाद्याचा असतो. नेमणूकपत्र? "त्याचं बघू." लग्नाचं जमवताना मात्र 'मुलगा लॉजिस्टिकमध्ये आहे' असं सांगायला हरकत नाही. मुलीकडचे पुढचं विचारेपर्यंत चहा-पोहे तरी होतात.

जानेवारी २०२४ मध्ये धडक देऊन पळाल्यास दहा वर्षांच्या कैदेच्या तरतुदीवरून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. देशाला तेव्हा दोन दिवस ड्रायव्हर दिसले. सरकारनं ती तरतूद थांबवून ठेवली आणि रांगा संपल्या.

शेवटी साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"आज जी गाडी द्याल, तिचे लायनर कधी बदललेत?"

साहेबांनी ठेकेदाराकडं पाहिलं. ठेकेदारानं मोबाइलकडं पाहिलं. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं गेलं : उमेदवार घाटाला घाबरतो.

बाहेर बाकावर एक पोरगा बसला होता. त्याला कशाचीच भीती वाटत नव्हती. चावी त्याला दिली.