डेस्कटॉपराव

डेस्कटॉपराव हे आडनाव नव्हे, कमावलेली पदवी आहे. नांदेडला विष्णुपुरीत 1981 साली इंजिनिअरिंग कॉलेज झालं, पुढं लातुरातही झालं, आणि तेव्हापासून या पट्ट्यातली इन्स्ट्रुमेंटेशनची पोरं दरसाल पास होऊन पुण्याची गाडी धरतात. मागं राहिलेल्यांपैकी ज्याच्या लॅपटॉपवर मागचा देवाचा फोटो दिसेनासा झालाय, इतकी फोल्डरं समोर सांडलीत, तो डेस्कटॉपराव समजावा. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सर म्हणाले तसं', 'हाच फायनल'. यातलं 'हाच फायनल' उघडलं तर रिकामं निघतं.

रावांचा धंदा लॅबव्ह्यूचा. यात कोड लिहायचा नाही, काढायचा: चौकटी मांडायच्या, तारा जोडायच्या. मग तो प्रोग्राम स्क्रीन नसलेल्या एका डब्यात घालायचा आणि डबा डाळमिलच्या ड्रायरला टांगायचा. डब्यानं ठरल्या वेळी तापमान मोजायचं, बर्नर सांभाळायचा आणि नोंद फाइलीत टाकायची. मोजणं, सांभाळणं राव झोपेत करतील. अडतं ते फाइल कुठं ठेवायची इथं.

पाथसाठी, म्हणजे फाइलच्या पत्त्यासाठी, लॅबव्ह्यूत वेगळी हिरवट-निळी तार आहे, आणि ती उगाच नाही. 1986 साली हे सॉफ्टवेअर मॅकिंटॉशवर आलं, तिथं दोन फोल्डरांच्या मध्ये कोलन असे. विंडोजला उलटा स्लॅश, कारण 1983 च्या डॉसमध्ये फोल्डर येईपर्यंत सरळ स्लॅश दुसऱ्या कामाला जुंपला गेला होता. लिनक्सला सरळच. ही भाऊबंदकी आपल्या डोक्याला नको म्हणून 'बिल्ड पाथ'ची चौकट दिली आहे. नुसती नावं द्या, मधल्या खुणा ती बघून घेते. रावांचा तिच्यावर विश्वास नाही. ते अक्षरांच्या गुलाबी तारेनं हातानं जोडत बसतात: सी, कोलन, उलटा स्लॅश, यूजर्स, स्वतःचं नाव, डेस्कटॉप.

"कामून?" म्हणून विचारलं की उत्तर तयार. "कुठं जाऊ लालंय ते दिसतंय की! त्या चौकटीत काय दिसतंय?"

मग डबा टांगायला लोहा, अहमदपूर, चाकूर करत राव लातूरला पोचतात. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातून राव आपला चहाचा गाडा डोळे मिटून गाठतील. डब्यात मात्र वाट चुकते. आत लिनक्स, तिथं ना यूजर्स, ना डेस्कटॉप. एरर 7 येतो: फाइल सापडली नाही.

"माझ्या लॅपटॉपवर तर चालू लालंय की, मालक!"

"मग लॅपटॉपच टांगा ड्रायरला."

मालकाचं चुकत नाही. लॅपटॉप लाड करतो, पाथ रिकामा सोडला तर खिडकी उघडून "फाइल कुठंय, साहेब?" असं विचारतो. डब्याला विचारायला तोंडच नाही.

सोबतच्या ज्युनिअर पोराला उपाय ठाऊक असतो. 'ॲप्लिकेशन डिरेक्टरी' विचारा, ती प्रोग्राम जिथं बसलाय ते फोल्डर सांगते. लॅपटॉपवर प्रोजेक्टचं, डब्यात डब्यातलं. तिथून पुढं चाला. नावातलं लहान-मोठं अक्षर सांभाळा, लिनक्स ते मोजतं. भलत्या ठिकाणी लिहू नका, परवानगी नाही म्हणून एरर 8 येईल. आणि फाइल लिहिण्याचं काम बर्नरच्या लूपमध्ये तर अजिबात नको. लिहायला कधी किती वेळ लागेल याचा नेम नसतो, तोवर बर्नर ताटकळतो. लिहिण्याला वेगळा, कमी महत्त्वाचा लूप द्या.

शेवटचं राव ऐकतात, कारण मागं एकदा डाळ करपली होती. बाकीचं "पोरगं हुशार हाय" एवढ्यावर सोडून देतात. रात्री एकटेच बसून डब्यात शिरतात, होम फोल्डरच्या पोटात एलव्हीयूजर, त्याच्या पोटात स्वतःच्या नावाचं फोल्डर आणि त्यात डेस्कटॉप अशी घरची सगळी वस्ती वसवतात, प्रोग्राममधले स्लॅश एकेक करून सरळ करतात. आणि चालतं! हेच तर रावांचं दुखणं आहे, चालतं.

सकाळी मालक येतात. "रीडिंग कुठं हायत?"

"डेस्कटॉपवर."

मालक डब्याला एक फेरी मारतात, मागून वाकून बघतात. "ह्याला मग टीव्ही कुठून जोडायचा?"