बघ्याची बाजू

आग, अपघात किंवा खचलेला रस्ता, बातमी कसलीही असो, शेवटाकडे एक वाक्य ठरलेलं असतं : घटनास्थळी बघ्यांची मोठी गर्दी झाली होती. बातमीत जखमीचं वय येतं, फौजदाराचं नाव येतं, टेम्पोचा नंबरसुद्धा येतो. बघ्याला मात्र गर्दीपलीकडे ओळख नाही. कोल्हापुरात हा अन्याय जरा जास्तच आहे, कारण इथला बघ्या हौशी नव्हे, चांगला तयारीचा माणूस असतो. रस्ता खोदायला सुरुवात झाली की तो स्कूटर तिरकी लावतो. किल्ली काढत नाही, कारण त्याला ‘लगेच निघायचंय’. मग हात पाठीमागे बांधून उभा राहतो. पहिली पाच मिनिटं तो बोलत नाही. सहाव्या मिनिटाला शेजाऱ्याला विचारतो, ‘पाण्याची लाइन हाय का केबल?’ शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं, तेव्हा केबल असल्याचं तो स्वतःच ठरवून टाकतो आणि पुढच्या माणसाला खात्रीनं सांगतो. तेवढ्यात मागं येणारा डंपर अडतो. बघ्या दोन पावलं पुढं होतो आणि हात हलवायला लागतो : ‘येऊ दे, येऊ दे, डावी मार, अजून… बास!’ त्यानं आयुष्यात सायकलीपलीकडे फारतर स्कूटर चालवलेली असते. तरी डंपरवाला त्याचं ऐकतो. देशात इतक्या कमी पात्रतेवर इतका अधिकार फार थोड्या पदांना आहे.

माझं म्हणणं असं की, मोबाइल बाजूला ठेवून रिकामा वेळ कमी खर्चात कसा घालवावा, या प्रश्नाचं उत्तर या माणसाकडे आहे. ते विचारायला मात्र त्याच्याकडे कुणी जात नाही. फोनपासून सुटका हवी म्हणून लोक आता पैसे भरून शिबिराला जातात आणि मातीचं भांडं करायला शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत नाव घालतात. बघ्याचं वेळापत्रक वर्षभर भरलेलं असतं आणि त्याची फी शून्य. पावसाळ्यात तो पाणी बघायला जातो. ‘पाणी बघायला’ ही कोल्हापुरात पूर्ण वाक्याच्या तोलाची क्रिया आहे, कुठलं पाणी हे कुणी विचारत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 43 ला धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, यावर बघ्या संध्याकाळपर्यंतचा अंदाज बांधतो, तोही इंचात. गणपती जवळ आले की कुंभार गल्लीत त्याची फेरी सुरू होते. मूर्तीचे डोळे रेखले जात असताना तो श्वास रोखून उभा असतो आणि रेखून झाले की ‘जरा बारीक झाले’ असं हळूच म्हणतो. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं. पहिल्या दिवशी ते देवीच्या पायांवर पडावं, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, अशी अपेक्षा. जमलेला सगळा जनसमुदाय तिथं उन्हाची एक तिरीप सरकताना बघत असतो. मध्ये ढग आला तर कुणाकडे दाद मागायची सोय नाही. थंडीत करवीर तालुक्यातली गुऱ्हाळं पेटतात. चुलवाणावरच्या काहिलीत रस उकळत असतो आणि नेमक्या कोणत्या क्षणी काहील उतरवायची हे गुळव्या नुसत्या नजरेनं ठरवतो. त्याच्याकडे बघत तासभर उभं राहिलेल्या माणसाला शेवटी द्रोणात काकवी मिळते. मोबाइलच्या इतिहासात असा बोनस कुणाला मिळालेला नाही. मधल्या काळात आहेच गंगावेशीतला दूध कट्टा, उद्यमनगरातल्या लेथवरून उडणारा लोखंडाचा कीस आणि पेठांच्या तालमींचा फुटबॉल. सामन्यापेक्षा सराव बघणं अधिक शास्त्रोक्त, असं खरा बघ्या मानतो. सरावाला तिकीट नसतं हा निव्वळ योगायोग.

हे सगळं रिकामटेकडेपण आहे, असं कुणी म्हणेल. पण या रिकामटेकडेपणाची सोय कोल्हापुरात खुद्द राजानं केली. शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले. रोमचं जुनं क्रीडागार पाहून त्यांच्या मनात कुस्तीच्या मैदानाची कल्पना आली असं सांगतात, आणि 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं. मैदानाची रचना अशी की मधोमध हौद, आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. म्हणजे हे मैदान जितकं पैलवानांचं, तितकंच बघ्यांचं. बाहेरच्या जगालाही हे उशिरा का होईना पटलं आहे. न्यूयॉर्कमध्ये 1938 साली रॉकफेलर सेंटरच्या बांधकामावर, कामाकडे टक लावून उभ्या राहणाऱ्यांसाठी खास सज्जा बांधला आणि फुटपाथवरच्या या स्वयंघोषित मुकादमांचा रीतसर क्लब काढला. इटलीतल्या बोलोन्यात पाठीमागे हात बांधून बांधकामं बघणारे पेन्शनर इतके प्रसिद्ध आहेत की एका छोट्या चौकाला त्यांचं नाव मिळालंय. आपल्याकडे त्यांना हवालदार हाकलतो.

यावर एक खमका आक्षेप निघतो. बघायचंच आहे तर मोबाइलवर का नको? तोही जवळजवळ फुकट, आणि उन्हात उभं राहावं लागत नाही. 2019 च्या उन्हाळ्यात ‘जेसीबी की खुदाई’ची लाट आली होती. खड्डा खणणाऱ्या यंत्राच्या चित्रफिती लाखो लोक घरी बसून बघत होते. मग चौकातल्या बघ्यात आणि त्यांच्यात फरक काय? पहिला फरक असा की चौकातला खड्डा संपतो. सहा वाजले की जेसीबीवाला खाली उतरतो, तोंड धुतो, आणि बघ्याला घरी जाण्यावाचून इलाज उरत नाही. मोबाइलवर एक खड्डा संपायच्या आत दुसरा हजर असतो. दुसरा फरक अधिक मोलाचा आहे. पडद्यावरचा डंपर तुमचं ऐकत नाही. चौकात बघणाऱ्याला कधीही हाक येऊ शकते. गाडी ढकलायला, फळीचं एक टोक धरायला, निदान ‘वाजले किती?’ सांगायला. त्याच्या बघण्यात शेजारी उभा असलेला अनोळखी माणूसही धरलेला असतो, आणि त्या दोघांचं पाइपवरून जे भांडण होतं ते शेवटी चहाच्या गाड्यावर मिटतं. बघ्याचं पडद्याशी वैर आहे असंही नव्हे. बाबूराव पेंटरांच्या आणि 1929 साली इथंच जन्मलेल्या ‘प्रभात’च्या गावात ते शोभणारही नाही. फक्त त्याला सिनेमापेक्षा शूटिंग बघायला आवडतं.

दुसरा आक्षेप गंभीर आहे, त्याला थट्टेनं उत्तर देणं बरं नव्हे. दुसऱ्याच्या संकटाचा तमाशा बघणं हे मन मेल्याचं लक्षण आहे आणि गर्दीमुळे रुग्णवाहिका अडते. रुग्णवाहिकेचं खरंच आहे, तिथं बघ्याला बाजू नाही. लातान आणि डार्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये प्रयोगांतून दाखवलं की मदतीची गरज असताना आजूबाजूला माणसं जास्त असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी बघून घेईल. पण गोष्ट तिथं थांबत नाही. 2019 मध्ये ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली दोनशेहून अधिक भांडणं अभ्यासकांनी तपासली. दहातल्या नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांवर गेली, चिखली-आंबेवाडी पाण्यात बुडाली, तेव्हा तालमींची आणि मंडळांची पोरं मदतीला उतरली. आधी पाणी बघायला गेलेलेही त्यांच्यात असणारच, कारण पाण्याशी तेच हजर होते. अंगाला चिखल लागण्याइतक्या अंतरावर जो असतो, त्यालाच हात द्यायची संधी मिळते. खरा उपद्रव त्यांच्या मागे उभा राहून पाण्याकडे पाठ करतो आणि स्वतःचा फोटो काढतो. त्याला बघ्या म्हणू नये. तो काहीच बघत नसतो.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मला माघार घ्यावी लागते. हे सगळं पुरुषांना जमतं. हात पाठीमागे बांधून खड्ड्याकडे अर्धा तास बघत उभ्या राहिलेल्या बाईला दहा जण विचारतील, ‘काय झालं, कुणाची वाट बघताय?’ बाईला कारण लागतं. भाजीची पिशवी हे तिचं तिकीट, रंकाळ्यावर जायचं तर ‘चालायला’ जायचं, देवळात बसायचं तर दर्शनाचं निमित्त हवं. तीही बघतेच, सज्जातून, ओट्यावरून, रांगेतून, आणि कितीतरी बारकाईनं बघते. पण मोकळं, निष्कारण, मालकासारखं उभं राहणं तिच्या वाट्याला येत नाही. फुकटातल्या करमणुकीची किंमत इथं कुणीतरी वेगळ्या चलनात मोजत असतं. म्हणून बघेगिरीचं नुसतं कौतुक करून भागणार नाही, तिची सोय करायला हवी.

ही सोय स्वस्तात होते. आपल्या बागांतले बाक शोभेच्या झुडपांकडे तोंड करून बसवलेले असतात. झुडपाकडे तासभर बघणारा माणूस अजून कोल्हापुरात जन्मायचाय. महापालिकेनं त्यांतले थोडे उचलून चौकात, रस्त्याकडे तोंड करून ठेवावेत, उजेडात, दोघी-तिघींना शेजारी बसता येईल इतके रुंद. आणि बिल्डर मंडळींनो, साइटभोवती उंच पत्रे मारता तेव्हा त्यांत दोन खिडक्या कापा, एक मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि एक पोराच्या. काम कसं चाललंय हे सांगायला माणसं आपोआप येतील, पगार मागणार नाहीत.