ब्रेकिंग न्यूजच्या लाल पट्टीस अनावृत पत्र

श्रीमती ब्रेकिंग न्यूज पट्टीबाई,
मु. पो. पडद्याचा तळमजला, यांस



2023 साली आमच्या उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं, पण आपला पत्ता काही बदलला नाही. सकाळच्या चहाला येता, ते आमच्या दादांचा डोळा लागेपर्यंत हलत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये जिल्ह्यातल्या परांडा-भूमकडे पुराने हाहाकार माजवला तेव्हा आम्हीच आपल्याकडे डोळे लावून बसलो होतो, तेव्हाची तक्रार नाही. पण नटीच्या साखरपुड्यालाही तोच लाल रंग?

परवा मालिकेत हळदीचा कार्यक्रम होता. नवरीच्या पिवळ्याधमक साडीवर खाली हिरवट पट्टा. आई म्हणाली, काठ छान आहे. पुढे पिवळी भिंत आली, तिलाही काठ!

सोयाबीनची पट्टी हातात पडली तेव्हा हौसेने ओएलईडी टीव्ही घेतला. यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि उजळता उजळता झिजतो. आपण बसता तिथले लाल ठिपके आधी थकले आणि पिवळ्यातला लाल कमी पडून हिरवा उरला. शेजाऱ्यांच्या साध्या एलईडीत उजेड मागून येतो. त्यांच्याकडे खुशाल ठाण मांडा. 2018 साली कॅनडातल्या आरटिंग्ज या टीव्ही तपासणाऱ्या संस्थेने सहा ओएलईडी रोज 20 तास चालवून पाहिले. बातम्यांच्या पडद्यांवर आपल्या तिकडच्या भगिनी उमटल्याच.

पाप सगळं आपल्या एकटीच्या माथी मारत नाही. रिमोटने बंद केल्यावर हा टीव्ही स्टँडबायमध्ये गुपचूप ठिपके तपासून झीज सावरून घेतो. पण आमचे दादा रिमोट ठेवायच्या आत बोर्डावरचं बटण खट्कन पाडतात. म्हणे बिल वाचतं! त्यांच्या तावडीतून टीव्ही सुटला, तर लाइट जाते.

तेव्हा विनंती एवढीच : कधी वर बसा, कधी रंग बदला, आणि काहीच घडलं नसेल त्या दिवशी माहेरी जा. जाताना कोपऱ्यातल्या लोगोभाऊजींनाही न्या.

कळावे,
पॅनेलची किंमत ऐकून मटकन बसलेला
एक प्रेक्षक

ता. क. : मेकॅनिक म्हणाला, हे वॉरंटीत बसत नाही. तूर्त ब्राइटनेस उतरवलाय. दादा विचारतात, निवेदकाकडेही लाइट गेलीय का?