सामाईक घराचा जीर्णोद्धार : हिस्सेदारांस काही सूचना

ज्यांच्या पूर्वजांनी रत्नागिरी जिल्ह्यात एखादे चौसोपी कौलारू घर बांधून ठेवले, आणि ते बांधताना आपल्या पश्चात त्याला किती वारस फुटतील याचा यत्किंचितही विचार केला नाही, अशा सर्व दुर्दैवी भाग्यवंतांसाठी प्रस्तुत मार्गदर्शन सिद्ध केले आहे. जुन्या घराची दुरुस्ती हा स्थापत्यशास्त्राचा विषय होय, अशी जी समजूत सुशिक्षितांत रूढ आहे ती प्रथम टाकून द्यावी. तो मुख्यत्वे वंशावळीचा विषय असून भिंती, वासे आणि कौले यांचा क्रम त्यात पुष्कळच खाली लागतो.

आरंभ दप्तरापासून करावा. सातबारा काढून आणणारा एक उत्साही पुतण्या प्रत्येक कुटुंबात असतो. त्यास शांतपणे सांगावे की, बाबा रे, गावठाणातले घर सातबाऱ्यावर सापडत नाही, त्यासाठी ग्रामपंचायतीत जाऊन आठ नंबरचा उतारा मागावा लागतो, आणि तो उताराही घरपट्टी कोणाकडून वसूल करावयाची एवढेच सांगतो, मालकी सिद्ध करीत नाही. उतारा हाती पडताच असे आढळून येते की सरकारदरबारी आपले पणजोबा अद्याप हयात असून घरपट्टीस पात्र आहेत. मग वारसनोंदीचा अर्ज, मृत्यूचे दाखले आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र यांच्या खटपटीस लागावे. परदेशस्थ बंधूंचे मुखत्यारपत्र आल्यास ते देव्हाऱ्यात ठेवून देऊ नये. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

वंशावळ लिहिताना आत्यांना वगळण्याची पुरुषमंडळींची खोड फार जुनी आहे, आणि एके काळी तिला कायद्याचाही टेकू होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २३व्या कलमान्वये कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी, पुरुष वारसांना ती करावीशी वाटेपर्यंत, मुलींना मागता येत नसे. आणि कोकणातल्या पुरुष वारसांना अशी इच्छा व्हावयास दोन-तीन पिढ्या सहज लागत. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम गेले आणि वडिलार्जित मिळकतीत मुलगी मुलाप्रमाणे जन्मतःच हिस्सेदार ठरली. महाराष्ट्राने तर १९९४ सालीच अविवाहित मुलींपुरते हे पाऊल उचलले होते. हा इतिहास आमच्या नानांना ठाऊक नाही असे नाही. मान्य नाही, इतकेच.

नाना म्हणजे आमचे वडील चुलतबंधू. या मार्गदर्शनातील बहुतेक नियम त्यांच्या वर्तनाचे दीर्घकाळ अवलोकन करून बांधलेले आहेत, हे येथे सांगून टाकलेले बरे. मुंबईस बँकेत नोकरी करून ते निवृत्त झाले, आणि तेव्हापासून घराकडे ते ‘गुंतवणूक’ या एकाच दृष्टीने पाहतात. गावात पाऊल ठेवताच एसटीच्या वाहकास, श्राद्धास आलेल्या भटजींस, किंबहुना समाचारास गेलेल्या घरच्या दुःखी माणसांसही ते विचारतात, ‘‘गुंठ्याला काय भाव चाललाय हल्ली?’’ उत्तर काहीही मिळो, मागच्या खेपेपेक्षा तो वाढलेलाच असतो. मग ओटीवरच्या आरामखुर्चीत पडून पाकिटाच्या पाठीमागे ते गुणाकार करतात, आणि नंतर हिस्सेदारांच्या संख्येने भागाकार करून खिन्न होतात.

गुंतवणुकीच्या दृष्टीने खरी स्थिती अशी आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला एखाद्याचा हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४व्या कलमाप्रमाणे त्यास घरात येऊन संयुक्त कब्जा मागता येत नाही. आणि त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटणीविषयक कायद्याने त्याचा हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीस घरातल्याच एखाद्या हिस्सेदारास खरीदता येतो. ज्या वस्तूसाठी पैसे मोजून ओटीवरदेखील बसता येत नाही, ती घेण्यास शहाणा मनुष्य पुढे येत नाही. सारांश, ज्याचा भाव रोज वाढतो आणि ज्यास गिऱ्हाईक कधीच येत नाही, असे हे धन आहे. नानांना हे सांगू नये. सांगून झालेले आहे.

आता बांधकाम. छपरापासून आरंभ करावा आणि जमिनीशी संपवावे; लादी आधी बसवून मग कौले उतरवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि ती शिकलेली होती. काम दिवाळीनंतर काढावे व मृगापूर्वी आटपावे. वाशाच्या मध्यावर टिचकी मारून ‘ठणठणीत आहे’ असा निर्वाळा देणाऱ्यावर विश्वास न ठेवता, वासा जेथे भिंतीत शिरतो तेथे दाभण टोचून पाहावी. ओल तेथे मुरते, वाळवीही तेथूनच चढते. बदली लाकूड फणसाचे मिळाल्यास उत्तम. बासल मिशनने १८६५ साली मंगळूरनजीक जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून जो तो कारखाना आपले नाव कौलावर उठवीत आला. ते नाव कौतुकाने वाचण्यासाठी नसून तेच कौल शोधण्यासाठी आहे, कारण एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात बसेलच असे नाही, आणि न बसल्यास पहिल्याच झडीला पाणी थेट माजघरातल्या गाद्यांवर येते. म्हणून आसपास एखादे घर उतरवीत असतील तर तेथली जुनी कौले आणून गोठ्यात रचून ठेवावीत. कौल बोटाच्या पेराने वाजवावे. खणखणले तर ठेवावे, बद्द बोलले तर फेकावे. वानरांविरुद्ध उपाय नाही.

जांभ्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करू नये. जांभा ओल घेतो आणि सोडतो. सिमेंटने त्याचा श्वास कोंडला की ओल आतल्या आत राहते आणि वर्षा-दोन वर्षांत पोपडे धरून गिलावा सुटतो. चुना वापरावा, तो खड्ड्यात भिजवून पुरता मुरू द्यावा. हे मी दर मे महिन्यात सांगतो, आणि दर मे महिन्यात कोणीतरी शहाणा दोन गोणी सिमेंट आणतोच. ‘‘लवकर होतं हो!’’ म्हणे! लवकर कशाला व्हायला हवे आहे? घर शंभर वर्षे उभे आहे, तुम्ही चार दिवस राहून जाणार.

न्हाणीघर मोठे करण्याचा ठराव वहिन्यांनी मांडल्यास चर्चेविना मंजूर करावा.

देवघराची जागा बदलू नये.

खर्चाची वाटणी हे या शास्त्रातले सर्वांत दुर्गम प्रकरण होय. पणजोबांच्या तीन शाखा. एकीत एकच वारस, दुसरीत अकरा. त्यामुळे ज्याचा तेहेतिसावा हिस्सा त्याचे मत सर्वांत सविस्तर असते. काम काढण्यापूर्वी सर्वांची लेखी संमती घ्यावी व पावत्या जपाव्यात. पुढे वाटणी झालीच, तर खर्चाचा हिशेब मागताना तोच कागद उपयोगी पडतो.

गेल्या उन्हाळ्यात जुन्या लाकूडसामानाचा एक व्यापारी आला होता. माजघराच्या नक्षीदार दाराला आणि ओटीच्या दोन खांबांना त्याने जी किंमत सांगितली ती ऐकून, खोटे का बोला, आम्ही सगळे थोडे हललो. नाना खुर्चीतून उठले. ‘‘घर विकायला काढलंय,’’ ते म्हणाले, ‘‘घरातलं काही विकायला काढलेलं नाही.’’ व्यापाऱ्यास चहा देऊन वाटेस लावण्यात आले.

वारसनोंदीच्या खटपटीत ग्रामपंचायतीत आणखी एक गोष्ट उघडकीस आली. थकलेली म्हणून आम्ही ज्या घरपट्टीची धास्ती घेतली होती ती दर साली वेळेवर भरलेली होती, आणि प्रत्येक पावतीवर पणजोबांच्या नावाखाली भरणाऱ्याची सही नानांची होती. विचारले तेव्हा ते चिडले. ‘‘थकबाकी राहिली की भाव पडतो,’’ एवढेच म्हणाले, आणि खांबाला तेलपाणी करायला लागले. ही रक्कम सामाईक खर्चात धरावी असा ठराव आत्यांनी मांडला असून तो सर्वानुमते संमत झाला आहे. नानांनी त्यावर हरकत नोंदविली आहे. शाकारणीची यंदाची वर्गणी मात्र पुण्याच्या शाखेकडून अद्याप आलेली नाही, ती त्यांनी अक्षय्यतृतीयेपूर्वी पाठवावी.