शेरा तोंडावर सांगा

सीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल, म्हटलं की सरकारी कचेरीत भल्याभल्यांची झोप उडते. साहेब वर्षभर चकार शब्द काढत नाहीत आणि वर्ष संपलं की कागदावर दोन ओळी लिहितात. त्या ओळी मग निवृत्तीपर्यंत माणसाची पाठ सोडत नाहीत.

देव दत्त यांचं प्रकरण बघा. सीमा रस्ते सेवेतले कार्यकारी अभियंता. बढतीसाठी सलग पाच वर्षं ‘अतिशय चांगला’ शेरा हवा होता. चार वर्षांचा तसा होता, 1993-94चा मात्र नुसता ‘चांगला’. हा शेरा प्रतिकूल नाही, मग कळवायचा कशाला, असा हिशेब; आणि त्याच शेऱ्यापायी बढती गेली. चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2008मध्ये दिला. तोवर दत्त निवृत्त झाले होते. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल दाखवायचा आणि म्हणणं मांडायला 15 दिवस द्यायचे, असा आदेश काढला. एवढी साधी माणुसकी शिकवायला सर्वोच्च न्यायालय लागावं, याचा मला संताप येतो.

‘आपण बाबा स्पष्ट बोलतो’ म्हणणाऱ्यांचाही तितकाच येतो. भर बैठकीत ‘तुम्हाला एक काम धड जमत नाही’ असं सुनावलं, तर समोरच्याने सुधारायचं नेमकं काय? केबिनमध्ये बोलावून सांगा, ‘दुसऱ्या पानावरची रक्कम मंजुरीच्या आदेशाशी जुळत नाही, दुपारपर्यंत दुरुस्त करून द्या.’ चूक कळते, मान राहतो, कामही होतं.

घरात तर आपण सगळेच न दाखवलेले अहवाल सांभाळून असतो. बायको गप्प राहते, नवऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. मग एखाद्या रात्री गॅसच्या बिलावरून तोंडाला तोंड लागतं आणि ‘माझ्या बहिणीच्या लग्नातही तू असाच वागलास’ बाहेर पडतं. त्या लग्नाला आठ वर्षं झालेली. तो खरोखरच गोंधळतो, त्याला काही आठवतच नाही. लग्नाच्याच रात्री, पाहुणे झोपल्यावर, ‘आईशी तू चारचौघांत तसं बोलायला नको होतंस, तिला लागलं,’ एवढं ती बोलली असती, तर सकाळी माफी मागायला आई तिथेच होती.