मंत्रालयात काम असलेला माणूस

आमच्या रोहणा गावात ज्याचं काहीच अडलेलं नाही असा एक माणूस दाखवा आणि आमच्याकडून तर्री-पोहे खा. कुणाचं धडक सिंचनाच्या विहिरीचं बिल अडलं आहे, कुणाची पांदण शेजाऱ्याच्या धुऱ्यावर येऊन अडली आहे, कुणाचा पीकविमा आला तो थेट दुसऱ्याच्या खात्यात. अडलेलं काम आधी आर्वीला तहसिलात जातं, तिथून वर्ध्याला जातं. वर्ध्याचा बाबू चष्मा पुसत ‘हे वरून व्हावं लागते’ म्हणाला की ते काकांच्या बॅगेत जाऊन पडतं. वर म्हणजे मंत्रालय, आणि मंत्रालय म्हणजे काका.

हे काका काही आमच्या एकट्याचे नव्हेत. पुलगावात आहेत, देवळीत आहेत, आर्वीत तर गल्लीला एक आहेत. ओळखायला सोपे. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. काखेत रेक्झिनची बॅग आणि बॅगेत आमदारांच्या लेटरहेडवरचं पत्र. पत्रात काय लिहिलं आहे ते महत्त्वाचं नाही, कारण आमदार निवासात मुक्कामाला त्याच्या वरच्या सिंहमुद्रेवर भागतं. निघण्याच्या दिवशी काका एसटी स्टॅंडवर उभे राहून फोनवर मोठ्यानं ‘हां साहेब, निघालोच साहेब’ म्हणतात. पलीकडे बहुधा घरचेच कुणीतरी असतात.

जाण्यायेण्याचा खर्च ज्याचं काम त्याचा. ही रीत कुणी पाडली माहीत नाही, पण मोडलीही कुणी नाही.

आता वेळापत्रक बघा. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी वर्ध्याला धरली की पहाट उलटायच्या आत-बाहेर सीएसएमटीला उतरवते. सामान्य माणसाला मंत्रालयात प्रवेश दुपारी दोननंतर. सरकारनं हा नियम कामकाज नीट चालावं म्हणून केला असेल. काकांच्या मते तो बाहेरगावच्या माणसानं सकाळभर मुंबई खावी म्हणून केलेला आहे, आणि शासनाचा एवढा एकच नियम ते तंतोतंत पाळतात.

पांदण रस्त्याच्या फाईलवर काकांचा इराणी झाला. धोबीतलावाचं कयानी, 1904 सालचं. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रुन मस्का आणि पानी कम चहा. परत आल्यावर पानठेल्यावर काकांनी पहिला तास पारशी आणि इराणी यांतला फरक समजावण्यात घालवला. ‘पारशी आले हजार वर्षांपूर्वी, गुजरातेत. हे हॉटेलवाले आले ते त्याच्या लय मागून, इंग्रजाच्या राज्यात. यज्द अन् केरमान. तिथं दुष्काळ, छळ. आले बिचारे पायी-बिई. अन् मुंबईत कोपऱ्याचं दुकान आपले लोक घेत नव्हते, अशुभ म्हून. यायनं बरोबर कोपरेच धरले! दोनी बाजूनं गिऱ्हाईक.’ इथं काकांनी एक कळीची गोष्ट हळूच सांगितली. ब्रुन मस्का चांगला, पण ‘त्याले बोलणं नाही’. मग त्यांनी बॅगेतून हिरव्या मिरचीच्या ठेच्याची डबी काढून मस्क्यावर तो थापला. समोरच्या टेबलावरच्या माणसानं आधी पाहिलं, मग मागितला. काकांच्या सगळ्या मुंबईकथांत त्यांचा असा एकदा तरी जय होतोच.

विहिरीच्या बिलावर माटुंगा झालं. कॅफे मद्रासच्या बाहेर फळ्यावर नाव लिहून फूटपाथवर ताटकळावं लागतं, ते काकांना फार आवडलं. ‘इथं उभं राहाचा सराव झाला का मंत्रालय जड जात नाही.’ दुसऱ्या दिवशी रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये ते केळीच्या पानावर जेवले. हे बोर्डिंग 1942 पासून चालू आहे. दक्षिणेतून कारकुनी करायला आलेल्या एकट्या-दुकट्यांना घरचं जेवण मिळावं, ही त्याची मूळ सोय. काकांनी ती आपल्यावर लागू करून घेतली. ‘भात संपला का वाढते, रस्सम संपलं का वाढते, माणसाले उठूच देत नाही बाप्पा.’ सांबाराला तर्री मागितल्यावर वाढप्यानं काय केलं, हे मात्र ते सांगत नाहीत.

खरी बहार येते ती सायन कोळीवाड्याला. कारण काका माळकरी आहेत.

फाळणीनंतर पंजाबातले निर्वासित तिथल्या छावणीत आले. त्यांनी ओव्याचं, लाल पीठ लावून कोळंबी तळायला घेतली, आणि नाव पडलं ‘कोळंबी कोळीवाडा’. नाव कोळ्यांचं, हात पंजाब्याचा. इतका इतिहास माळकऱ्याला माहीत असायला हरकत नाही. पण काका पुढे जातात. ‘माह्यासंगं एक जण होता, त्यानं खाल्ली. मी नुसतं पायलं. शेपटी फेकाची नाही, तीच कुरकुरीत लागते, असं तो म्हने.’ भेंडीबाजारात नूर मोहम्मदीच्या नळी निहारीलाही हाच ‘तो’ हजर होता. ‘रातभर शिजते ते. नळी ताटलीवर आपटाची, मंग आतला मगज सुटते. अन् सोबत खमिरी रोटीच पायजे, पाव घेतला का मजा गेली, असं तो म्हने.’ हा ‘तो’ कोण, कुठला, त्याचं मंत्रालयात काय अडलं आहे, हे गावाला अजून कळलेलं नाही. विचारायचंही कुणी नाही. एवढा जाणकार सोबती उगाच कशाला तोडायचा?

दादरच्या बाबतीत मात्र काका गप्प. गावातले कितीतरी लोक दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाऊन येतात. त्यांना शिवाजी पार्क, तिथली पुस्तकांची दुकानं आणि मागचा समुद्र काकांहून जास्त पाठ आहे. त्यांच्यापैकी एखादा पारावर असला की काका दादरवरून न थांबता निघून जातात. थांबतात ते थेट गेटवेला.

समुद्राबद्दल काकांचं मत पहिल्यापासून वाईट आहे. इथून धनोडीचं धरण जवळ, निम्न वर्धाचं. ते भरलं की गाव पोराबाळांसकट बघायला जातं, त्यामुळे मोठ्या पाण्याचं अप्रूप नाही असं नव्हे. पण मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून काकांनी अरबी समुद्र डावीकडून उजवीकडे नीट पाहिला, आणि त्यांचा निकाल झाला. ‘पानी धनोडीहून जास्त हाये, खोटं कायले बोलू. पन एक एकर ओलित होत नाही त्याच्यावर!’ खाली ते चार पायांचे सिमेंटचे ठोकळे पाहून त्यांनी त्याचं कंत्राट कुणाकडे होतं याची चौकशी केली.

गेटवेचंही तेच. पंचम जॉर्ज 1911 मध्ये आला म्हणून बांधायला घेतलेला दरवाजा 1924 मध्ये पुरा झाला, हे ऐकल्यावर काकांना फार बरं वाटलं. ‘खुद्द राजाचं काम तेरा वर्षं चाललं, अन् तुमी विहिरीच्या बिलासाठी माह्यामागं लागता!’ विहीरवाला त्या दिवशी गप्प झाला तो झालाच. घारापुरीच्या लाँचमध्ये वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे घेतात, हे त्यांना पटलं नाही. पण खाली बसले तर दिसणार काय, म्हणून ते वर बसले आणि ते पैसे कुणाच्या तरी पुनर्वसनाच्या अर्जाच्या खर्चात धरले. लेण्यांतली ती तीन तोंडांची शिवमूर्ती पाहून मात्र काका खरंच बोलायचे थांबले होते, असं त्यांनीच आम्हांला पाऊण तास सांगितलं.

हाजी अलीला भरती होती. रस्ता पाण्याखाली. काठावर उभ्या राहिलेल्या गर्दीला त्यांनी सांगितलं, ‘काही नाही, उतरंन. आमच्या नाल्याले पूर आला का आमी असेच बसतो.’ बांद्र्याला ते शाहरुख खानच्या बंगल्यापुढेही जाऊन आले. तिथं खायला काही नसल्यामुळे तो प्रसंग एका वाक्यात आटोपतो.

या सगळ्यातून काकांचा एक सिद्धांत तयार झाला आहे, आणि तो मला तरी बिनतोड वाटतो. मुंबईत खाण्याचं जे जे गाजलं ते कुणीतरी बाहेरून येऊन रांधलं. इराणी ब्रुन घेऊन आला, उडुपीवाला इडली घेऊन आला, सिंधी छावणीत दाल-पकवान घेऊन आला. ‘आपला वऱ्हाडी माणूस मुंबईले जाते तो फाईल घिऊन. कढई घिऊन कोनी गेलाच नाही.’ हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. पाटवडी-रस्सा मुंबईला कळला नाही, याचं त्यांना खरं दुःख आहे. कळला असता तर त्यांनाही तिथं जाऊन खायला एक ठिकाण वाढलं असतं.

मुंबईचं हे ज्ञान काका गावात वापरतातही. मागच्या हंगामात एका लग्नात मंचुरियनचा काउंटर होता. काका ताटली पुढे धरून थांबले आणि आचाऱ्याला म्हणाले, ‘हे चीनचं नाही, माहीत हाये का? मुंबईचं हाये. 1975 साली, क्रिकेट क्लबात. नेल्सन वांग म्हून माणूस, चिनी, पन जन्मला कलकत्त्यात. त्यानं आपलाच लसूण, आलं, मिरची घेतली, गरम मसाला टाळला अन् सोया सॉस टाकला.’ आचाऱ्यानं झारा वर धरला. ‘काका, चार घेता का सहा? मांगं लाईन हाये.’

आता कामांचं काय? तर कामांचे आवक क्रमांक येतात. काका प्रत्येक खेपेला टपाल शाखेचा शिक्का मारलेली पोच आणतात, आणि ती पोच घरात देवाच्या फोटोमागे खोचली जाते. पुढे फाईल ‘फिरतीवर’ असते. गावाला हे कळत नाही असं नाही. पण फाईल आमच्या घरी राहिली असती तरी हललीच नसती, आणि काका घेऊन गेले तर निदान माटुंग्याचं कळतं. हिशेब करून पाहा, तोट्याचा नाही.

काकांच्या आयुष्यात सल एकच. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया, 1923 चं. तिथला बेरी पुलाव, त्यात इराणहून येणारी आंबट लाल बेरी. पण ते उघडतं फक्त दुपारच्या जेवणाला, आणि ऐन त्याच वेळी काकांना मंत्रालयाच्या दारात पासच्या रांगेत उभं राहावं लागतं. एवढ्या खेपा झाल्या, पण पुलाव आणि पास यांची वेळ काही जुळली नाही. शासनाबद्दल काका कधी वाईट बोलले असतील तर ते या एका मुद्द्यावर.

आणि आता संकट आलं. पोरं सगळं मोबाईलवर भरू लागली. विहिरीचं बिल एका पोरानं पोर्टलवर तक्रार टाकून काढलं, पांदण तहसीलदारानंच येऊन मोकळी केली. बॅग रिकामी झाली. काका पारावर येत, पण कयानीचं नाव काढत नसत. शेवटी गावालाच राहवलं नाही. कुणीतरी म्हणालं, शकुंतलेचं घ्या. पुलगाव-आर्वी ती छोटी गाडी, 1917 ची, आमच्या गावावरून जायची. बंद पडून किती वर्षं झाली. तिचं रुंदीकरण मागू. ही फाईल लवकर सुटण्याची भीती नाही.

काका ताठ झाले. तेवढ्यात एक कॉलेजचा पोट्टा म्हणाला, ‘काका, रेल्वे दिल्लीची असते. मंत्रालयात कायले जाता?’

पार गप्प झाला. काका बराच वेळ बॅगेच्या बंदाशी चाळा करत बसले. मग त्यांनी मान वर केली.

‘रेल्वे दिल्लीची, पन ही गाडी किलिक-निक्सनची होती. इंग्रजाची कंपनी, अन् तिचं ऑफिस मुंबईत, फोर्टात! पयले तिथं कागद पायले पायजे. तिथं दोनची भानगड नाही. बारा वाजता मोकळा.’

‘म्हंजे मंत्रालयात जाचंच नाही?’

‘कामच नाही तिथं!’

विहीरवाला इतका वेळ तंबाखू मळत ऐकत होता. त्यानं चिमूट तोंडात टाकली, खिशात हात घातला आणि विचारलं, ‘तो बेरी पुलाव केवढ्याले येते, काका?’