काका, लाईट!

माझ्या गाडीला अंधार कळतो. गाडी घेतल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे चहाच्या आधी ऐकवतो. पुढच्या काचेला चिकटून, आरशाच्या मागे एक बारका सेन्सर बसवलेला आहे. बाहेरचा उजेड ठरावीक पातळीच्या खाली गेला की तो हेडलाईट लावतो, वर आला की विझवतो. मी काही करायचं नसतं. आपण काही न करता घडलेल्या गोष्टीचं श्रेय घ्यायची सवय मला नोकरीत लागलेली होतीच, त्यामुळे गाडीचं आणि माझं लगेच जमलं.

वरच्या मॉडेलला मी जे जादा पैसे मोजले ते मुख्यतः दांडीवरच्या 'ऑटो' या दोन अक्षरांसाठी. शोरूममधला मुलगा ते कौतुकाने दाखवत होता तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, अंधार पडलेला तुम्हाला दिसत नाही का?" दिसतो. पण अंधार पडला हे मान्य करायला मला वेळ लागतो. रात्री गाडी चालवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, अशी माझी फार जुनी समजूत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मध्यंतरी समजावून सांगितलं की वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट आणि गढूळ होत जातं, समोरून आलेला प्रकाश आतल्या आत पसरतो, आणि एकदा डोळे दिपले की नजर जागेवर यायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो. मी विचारलं, "हे सगळ्यांचं सांगताय की माझं?" ते म्हणाले, "सगळ्यांचं." मग मला त्यात पडायचं कारण उरलं नाही.

तर सेन्सर. रुंदीकरणातून वडाची झाडं जिथे अजून वाचली आहेत अशा एका रस्त्याने आम्ही भरदुपारी चाललो होतो. सावलीत शिरलं की लाईट लागायचे, उन्हात आलं की थोडा विचार करून विझायचे. आता, आपल्याकडे हेडलाईट ही बघण्यापेक्षा बोलण्यासाठी जास्त वापरायची वस्तू आहे. एकदा लुकलुकवला तर 'मी येतोय, तू थांब.' इंग्लंडात त्याच लुकलुकीचा अर्थ बहुतेक लोक 'या, मी थांबतो' असा घेतात. तिकडून आलेला माझा भाचा एका अरुंद पुलावर समोरच्या ट्रकला हसून हात करत पुढे निघाला होता, तो थोडक्यात वाचला. आणि दोन-तीनदा लुकलुकवला तर त्याचा अर्थ एकच: पुढे पोलीस आहेत. माझी गाडी वडामागून वड ओलांडत सगळ्या पंचक्रोशीला हेच सांगत निघाली. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यांनी कोपरात अडकवलेली हेल्मेटं डोक्यावर चढवली. वडापच्या जीपला मागे लटकलेले दोघे उतरून, आपला त्या जीपशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने चालू लागले. झाडं संपेपर्यंत त्या रस्त्यावर कायद्याचं राज्य होतं. एकाने आभाराचा हात केला. मीही केला.

याच हुशार सेन्सरला पावसाळ्यात आंबोलीच्या धुक्यात मात्र काही म्हणजे काही कळेना. धुकं पांढरं असतं, दिवसाचं असलं तर चांगलं लखलखीत असतं. सेन्सर मोजतो तो उजेड. समोरचं दिसतंय की नाही, हे मोजायला त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी ती प्रसन्न सकाळ होती. पुढच्या बारक्या शोभेच्या दिवसदिव्यांवर आम्ही चाललो होतो, मागचे लाल दिवे बंद, आणि डॅशबोर्ड तर हल्ली चोवीस तास झगमगत असतो, त्यामुळे आत बसलेल्याला वाटतं की सगळं लागलेलं आहे. हा घोटाळा जगभर आहे. कॅनडाने तर २०२१ पासून नव्या गाड्यांना नियमच केला: अंधारात एक तर दिवे आपोआप लागू देत, नाही तर दिवसदिव्यांबरोबर मागचेही जळू देत, नाही तर निदान डॅशबोर्ड तरी काळा ठेवा, म्हणजे चालवणारा स्वतःहून बटण शोधेल. मला हा तिसरा पर्याय फार आवडला. माणसाला अंधारात ठेवल्याशिवाय तो काही करत नाही, हे तिकडच्या सरकारलाही माहीत आहे.

आता मूळ विषय जरा बाजूला ठेवतो, कारण एका खुणेबद्दल मला कधीचं लिहायचं आहे. हात वर करायचा, पाचही बोटं जुळवायची, उघडायची, मिटायची, उघडायची. ज्यांनी महाराष्ट्रात कधी दुचाकी चालवली त्यांना पुढचं सांगायला नको. दिवसाउजेडी तुमचा लाईट चालू राहिलाय. ही खूण दूधवाला करायचा, कॉलेजातली मुलगी करायची, एसटीच्या खिडकीतून कंडक्टर करायचा. नुकतंच सिग्नलला ज्याच्याशी वाजलंय, ज्याने आपल्या शिक्षणाबद्दल शंका काढली आहे, तोसुद्धा पुढच्या चौकात रागाने लाल झालेल्या तोंडानेच, पण बोटं उघडमीट करून जायचा. वाद आपल्या जागी. बॅटरीने त्याचं काय बिघडवलं होतं? गाडी चालू असताना बॅटरी चार्ज होतच असते, हे कुणाच्या गावीही नव्हतं. आणि खूण घेणाऱ्याचीही एक रीत होती. आधी आपण नाहीच म्हणायचं, मग खाली वाकून बटणाकडे बघायचं, मग दचकून लाईट बंद करायचा आणि आभाराची मान हलवायची. तोपर्यंत सांगणारा दोन गल्ल्या पलीकडे गेलेला असायचा. ती मान मग मागून येणाऱ्या टेम्पोला मिळायची.

मग १ एप्रिल २०१७ आली. त्या तारखेपासून नव्या दुचाक्यांना लाईट कायम चालू ठेवायची सक्ती झाली. इंजिन सुरू झालं की दिवाही लागणार. दुचाकी दिवसाही लांबून नजरेत भरावी, हा हेतू, आणि तो रास्तच आहे. दिवा बंद करायचं बटणच गेलं. पण हे देशाला कुणी नीट सांगितलं नाही. मी नवी स्कूटर घेऊन बाहेर पडलो आणि अख्खं पुणे माझ्याकडे बघून बोटं मिटू लागलं. सुरुवातीला मला वाटलं, स्कूटरचं कौतुक होतंय. नंतर मी उत्तराची एक खूण बसवली: मनगट फिरवून तळवा वर करायचा, म्हणजे 'बंद होत नाही, काय करणार.' ती लांबून 'मरू दे' अशी दिसत असावी, कारण एक आजोबा लूना पिळत माझ्या मागे सिग्नलपर्यंत आले. "अहो, बॅटरी उतरेल!" मी त्यांना सरकारी नियम सांगितला. ते म्हणाले, "सरकारचं काय जातंय? बॅटरी तुमची आहे."

त्याच आठवड्यात एक शाळकरी पोरगा सायकलवरून ओरडला, "काका, लाईट!" तेव्हा मी केस नुकते काळे करून घेतले होते, टीशर्टवर गिटारचं चित्र होतं, आणि हेल्मेटची काच वर होती. लाईटचं मला काही वाटलं नाही.

हळूहळू लोकांना कळलं आणि ती खूण गेली. आता 'साईड स्टँड!' तेवढं उरलंय, आणि 'ताई, ओढणी!' स्टँडलाही हल्ली सेन्सर आलेत. ओढणीचं अजून कुणाला सुचलेलं नाही, ते बरं आहे. निदान तेवढ्यापुरतं तरी अनोळखी माणसाला अनोळखी माणसाच्या अंगावर ओरडता येतं.

आता रागाचा भाग. पूर्वीच्या हॅलोजन बल्बचा पिवळसर उजेड साधारण ३००० केल्विनचा. आताचे एलईडी ५-६ हजारांच्या घरात, निळसर पांढरे. चालवणाऱ्याला झकास दिसतं, समोरच्याला काहीच दिसत नाही, आणि समोरच्याने चिडून आपला अप्पर टाकला की हिशेब पूर्ण होतो. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस मिनिटं-अर्धा तास लागतो. सासवड-जेजुरी-नीरा रस्त्यावर रात्री समोरून गाडी न येता सलग अर्धा मिनिट जात नाही. म्हणजे त्या रस्त्यावर आपण सगळेच एकमेकांच्या भरवशावर आंधळे चालवत असतो.

डिपर दे म्हणून ज्याच्यावर आपण शिव्यांचा वर्षाव करतो त्याने बऱ्याचदा डिपर दिलेलाच असतो, हा आणखी एक प्रकार. डिकीत वजन पडलं की गाडीचं बूड खाली बसतं आणि नाक वर जातं, त्यामुळे खालचा उजेडसुद्धा सरळ समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. यासाठी स्टिअरिंगच्या बाजूला, गुडघ्याच्या वर, शून्यापासून पुढे आकडे घातलेली एक छोटी चकती दिलेली असते. वजन जास्त तर आकडा वाढवायचा, उजेड खाली येतो. मी माझ्या ओळखीच्या सगळ्या गाडीमालकांना विचारलं. दोघांना ती एसीची वाटत होती. एकाने ती तुटू नये म्हणून वर टेप लावली आहे. मी स्वतः मात्र ती नियमाने वापरतो, निदान बायकोच्या माहेराहून तांदळाची पोती आणि फणस घेऊन परतताना, आणि आकडा फिरवताना गाडीतल्या सगळ्यांना दिसेल असा फिरवतो.

जुन्या लोकांकडे याहून सोपी युक्ती होती. हेडलाईटच्या काचेवर वरच्या भागाला काळा रंग फासलेला असायचा, काहींच्या मधोमध नुसताच काळा ठिपका. बाळाच्या गालाला तीट लावावी तसा. फरक एवढाच की ही तीट समोरच्याच्या नजरेला जपायची. आणि ॲम्बॅसिडरला डिपरचं बटण जमिनीवर, डाव्या पायाखाली असायचं. समोरून कुणी आलं की पाय आपोआप जायचा. तेही ऑटोच, फक्त सेन्सर चालवणाऱ्याच्या डोक्यात होता.

गेल्या हंगामात लोणंदच्या पुढे, रात्री दहाच्या सुमाराला, एका मोठ्या गाडीचा अप्पर माझ्या काचेवर पडला आणि मला नुसतं पांढरं दिसलं. बायको ओरडली, "थांबा!" मी ब्रेक दाबला. पांढरं निवळलं तेव्हा बॉनेटच्या पुढे हातभर अंतरावर ऊस होता. ऊसच ऊस, आणि त्याखाली कुठेतरी टायरगाडी आणि दोन बैल. मोळ्यांवर एक बाई पोराला पोटाशी घेऊन झोपलेली. मागच्या टोकाला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बसला होता, त्याच्या हातात मोबाईल. मी गाडी कडेला घेतली, पाय कापत होते म्हणून. टायरगाडी पुढे चालत राहिली आणि मग मला दिसलं की मुलगा काय करतोय. मागून गाडीचा आवाज आला की तो मोबाईलचा टॉर्च लावून मागे धरायचा. गाडी ओलांडून गेली की विझवायचा, चार्जिंग कारखान्यापर्यंत पुरावं म्हणून असेल. पुन्हा आवाज, पुन्हा टॉर्च. बराच वेळ बायको काही बोलली नाही. मग म्हणाली, "सकाळी शाळा असेल ना त्याला." ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून येतात त्या दिवाळीच्या सुमाराला, आणि परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी. कोप्यांवर आलेल्या पोरांची शाळा तोवर गावाकडे भरत असते. हे तिलाही माहीत होतं. माझ्या काचेवरचा तो बारका सेन्सर आणि हा मुलगा दोघे एकच काम करत होते. एकाचे मी जादा पैसे मोजले होते.

अशा वेळी माझ्यासारख्या माणसाला समाजकार्य सुचतं. मी लाल रेडियम टेपचा मोठा रोल विकत घेतला, कात्रीसकट डिकीत ठेवला, आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटोही टाकला. चौदा अंगठे आले. बी विंगमधल्या आजोबांनी मात्र, "आधी तुमच्या गाडीचे लाईट पार्क केल्यावर अर्धा मिनिट आमच्या बेडरूममध्ये चालू राहतात त्याचं बघा," असं लिहिलं. ती गाडीची सोय आहे. मालक घराच्या दारापर्यंत उजेडात जावा म्हणून. आजोबांना तंत्रज्ञान समजत नाही.

पुढच्याच खेपेला एका टपरीजवळ ऊस भरलेली टायरगाडी उभी दिसली. मी समोर गाडी लावली, रोल घेतला आणि बैलांपाशी चहा पीत उभ्या असलेल्या गाडीवानाकडे गेलो.

"केवढ्याला?" त्याने विचारलं.

"फुकट आहे. तुमच्या गाडीला मागे लावायची, म्हणजे लांबून दिसेल."

तो माझ्याकडे, मग रोलकडे, मग कात्रीकडे बघत राहिला. "मागं हाय की. कारखान्यानंच लावलंय," तो म्हणाला. "ऊस भरला की झाकून जातंय, साहेब. वाढं पार खाली लोंबतंय. ह्याला काय करता?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, मग उसावरच बांधू. तो बरं म्हणाला, पण त्याचं लक्ष टेपकडे नव्हतं. बैलाच्या डोळ्यांवर त्याने तळवा धरला होता. "आधी तुमचा लाईट बंद करा. बैलं बुजतेत."

मी मागे वळून पाहिलं. इंजिन बंद होतं, किल्ली माझ्या खिशात होती आणि गाडी दोन्ही डोळे वटारून आमच्याकडे बघत होती.

"होईल," मी म्हटलं. "आपोआप होतो. अर्ध्या मिनिटात."

"बटण नाय व्हय?"

"आहे. पण ती ऑटो आहे."

त्याने दुसरा हात दुसऱ्या बैलाच्या डोळ्यांवर धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग माझा च्या धरा तेवढा."